तोंडातल्या चुका

४ फेब्रुवारी, मंगळवार

आलंच शेवटी पत्र. देशभर मोहीम आहे. चार महिन्यांत प्रत्येक जिल्हा बालकामगारमुक्त व्हायला हवा आणि बारा जूनला तसं जाहीर करायचं. म्हणजे तारीख आधी ठरली, मुलं मग शोधायची! आमच्या पथकात कामगार खात्याची एक निरीक्षक, दोन पोलीस, एक हाडांचे डॉक्टर आणि एक दातांची डॉक्टर. दातांची म्हणजे मी. या सरकारी दवाखान्यात दुसरं आहे कोण?

काम साधं आहे. कारखान्यातून आणलेल्या मुलाचं वय सांगायचं. जन्माचा दाखला त्यांच्याकडे बहुतेक नसतोच. मग हाडांचा फोटो काढायचा नाहीतर तोंड उघडायचं. कुठली दाढ आलीय, कुठली यायचीय, दुधाचं काय उरलंय. एकतीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघतेय, एवढं तर यायलाच हवं.

मावशींना पत्र वाचून दाखवलं. मावशी माझ्या हाताखाली आहेत असं कागदावर आहे, खरं म्हणजे मीच त्यांच्या हाताखाली आहे. म्हणाल्या, "म्हणजे आता बैलासारखे पोरांचे दात बघून वय सांगायचं. बैलाला निदान विकत तरी घेतात."

मी हसले. आता लिहिताना हसू येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निरीक्षकबाई भेटून गेल्या. आमच्या लेकीच्या वयाच्या असतील. हातात हेल्मेट, बोलणं तुटक. पहिली धाड येत्या मंगळवारी. जुन्या गोदामामागच्या चपलांच्या कारखान्यावर. तीसेक मुलं आहेत म्हणाल्या, सोल्युशनच्या, म्हणजे तळ चिकटवायच्या गोंदाच्या, खोलीत सुद्धा. "मॅडम, कुणाजवळ बोलू नका हं."

तो कारखाना कुणाचा ते ऐकून जरा अवघडले. माझ्या खोलीतली दातांची खुर्ची त्याच मालकांनी दिलेली. पाठीमागे पितळी पट्टी आहे – 'सप्रेम भेट'. ह्यांच्या क्लबातले ते. माणूस गोड बोलतो. क्लबाच्या सगळ्या शिबिरांना हजर असतो.

कुणाजवळ बोलले नाही. संध्याकाळी चहा घेताना फक्त ह्यांना सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे काय कुणाला सांगणं झालं का!

११ फेब्रुवारी, मंगळवार

तीस मुलं मिळणार होती. मिळाली तीन!

निरीक्षकबाईंचा चेहरा रागानं पांढरा पडला होता. खोलीत तीस पाट, तीस हातोड्या, आणि तिघी पोरी कोपऱ्यात चपला खोक्यांत भरत बसलेल्या. नीट वेणीफणी करून. "पाट अजून गरम होते मॅडम. मी हात लावून बघितला."

तिघींना माझ्याकडे आणलं. दोघी मोठ्या, पंधराच्या सहज. तिसरी अगदी चिमुकली. बाकीच्या तिला 'घाई' म्हणत होत्या. हात भरभर चालतो म्हणून. खुर्चीत बसवली, मी पायानं कळ दाबली, खुर्ची वर गेली तशी पोरगी खुदकन हसली. "अजून वर जाते?" मी आणखी वर नेली. मग तोंड उघडायला सांगितलं.

खाली डावीकडे दुधाची दाढ अजून शाबूत – हलतेय. वरचा सुळा अर्धा बाहेर. बाराव्या वर्षाची दाढ कुठंच नाही. मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. अकरा.

आणि पुढच्या दोन दातांच्या मधोमध एक अर्धगोल खाच. कानशीनं घासल्यासारखी गुळगुळीत. असलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे कशानं झालं गं?"

"चुकांनी."

"कसल्या चुका?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हिला एवढंही माहीत नाही! "बारीक खिळे हो. मूठभर तोंडात धरायचे. जिभेनं एकेक पुढं आणायचा, दातात धरायचा, घ्यायचा, ठोकायचा. म्हणजे परत परत डब्यात हात घालायला नको. आता मी चुकांवर नसते, मोठी झाले ना. आता सोल्युशनवर."

"आणि गिळला म्हणजे?"

"गिळला तर दुसरा घ्यायचा."

मावशी कापूस घडी करत होत्या. हळूच म्हणाल्या, "लोकांच्या चुका लोक पोटात घालतात. हिला तोंडात घालाव्या लागल्या."

हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. तेवढ्यात निरीक्षकबाईंनी कारखान्यातून आणलेली फाइल उघडली. मालकांनी मोठ्या दोघींचे शाळेचे दाखले दाखवले होते आणि घाईचा डॉक्टरी दाखला. घाईचा त्यांनी माझ्यासमोर धरला. 'वय वर्षे चौदा पूर्ण. हलक्या कामास योग्य.' फोटोची चौकट रिकामी. खाली एक अंगठा. दोन वर्षांपूर्वीची तारीख.

आणि सही माझी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आठवलं. आठवायला फार वेळ लागला नाही, हेच वाईट.

दोन वर्षांपूर्वी क्लबाचं मोफत दंततपासणी शिबिर होतं. दुपारपर्यंत दोनशे तोंडं बघून मान दुखत होती. मालक चहा घेऊन आले, बरोबर कागदांचा गठ्ठा. "डॉक्टर, आमच्या शिकाऊ मुलींचे दाखले. बाहेर रांगेत उभ्या आहेत बघा. आता एकेकीला कुठं बसवता, उशीर झालाय." मी दाराकडे पाहिलं. रांग होती. लांबून सगळ्या सारख्याच दिसत होत्या. एका हातात कप, दुसऱ्या हातानं सह्या.

एकीचंही तोंड उघडलं नाही. एकोणीस कागद होते. एकोणीस हे का लक्षात राहिलं? कारण मी म्हटलं होतं, "एक कमी, नाहीतर वीस झाले असते!" आणि आम्ही हसलो होतो.

घाई आज अकरा. म्हणजे तेव्हा नऊ. नऊ वर्षांच्या पोरीला मी चौदा पूर्ण म्हटलं. चहा पिता पिता!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अहवाल आज द्यायचा होता.

सकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. मनगटाचा फोटो उजेडाला धरून म्हणाले, "बारा-तेरा म्हणतो मी. हाडं खोटं बोलत नाहीत बाई, पण मोघम बोलतात. तुमचे दात काय म्हणतायत?"

माझे दात काय म्हणतायत!

हे काल म्हणाले होते, "अगं, दोन वर्षं राहिलीत तुझ्या निवृत्तीला. खोटं लिही असं कोण म्हणतंय? जरा रुंद लिही." शब्द बघा – रुंद. जसं काही मापाचं कापड आहे.

मी लिहिलं, 'बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान. दुधाची एक दाढ टिकून राहिलेली दिसते; असे क्वचित मोठ्या वयातही आढळते.' आढळतं. पुस्तकात आहे. एकही शब्द खोटा नाही. सगळे मिळून खोटं.

निरीक्षकबाईंनी वाचलं. बराच वेळ कागद हातातच होता. "मॅडम, पंधरा?"

मी म्हटलं, "दरम्यान म्हटलंय."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बालकल्याण समितीनं संशयाचा फायदा दिला – मालकाला. घाई परत कामावर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मालक दवाखान्यात आले होते. कुणाला तरी बघायला म्हणे. माझ्या दारात थांबले. "खुर्ची व्यवस्थित चालतेय ना डॉक्टर? काही लागलं तर सांगा."

मी म्हटलं, "चालतेय."

मावशी त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत राहिल्या. माझ्याकडे नाही पाहिलं. आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतायत. 'आरसा द्या', 'घ्या'. एवढंच.

७ मार्च, शुक्रवार

आज ह्यांच्या तोंडून निसटलं. कुणाचा तरी फोन होता, हसत म्हणत होते, "अरे, मी आधी बोललो म्हणून निभावलं तुझं."

फोन ठेवल्यावर मी समोर उभी राहिले. "काय बोललात? कुणाला?"

"कुठं काय. क्लबात सहज विषय निघाला."

"मंगळवार म्हणून सांगितलंत?"

पेपर पुढं ओढला. मग चिडले. "आपला माणूस आहे तो. उद्या आपल्याला काही लागलं तर कोण येणार आहे, तुझी निरीक्षक?"

म्हणजे तीस पाट रिकामे झाले ते माझ्या जिभेनं. सत्तावीस पोरं मागच्या दारानं पळवली गेली ती मी चहा घेता घेता बोलले म्हणून. सही चहाबरोबर, फितुरीही चहाबरोबर. ह्यांच्यावर ओरडणार होते. नाही ओरडता आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ! आणि पहिल्यांदा चावले ते माझेच दात.

९ एप्रिल, बुधवार

आज घाई दिसली.

बाह्यरुग्णांच्या रांगेत, भिंतीला हात लावून. आधी ओळखलंच नाही. चाल ओळखीची नव्हती. पाऊल उचलताना गुडघा उंच घ्यायची, जिना चढतात तसा, आणि पाऊल फटकन खाली पडायचं. पायातली चप्पल दोनदा निसटली. निसटलेली तिला कळत नव्हती! चार पावलं अनवाणी जायची, मग कुणीतरी ओरडायचं, "ए पोरी, चप्पल!" मग ती वळून बघायची. कारखान्यात शेकड्यांनी चपला जोडणारी पोर, आणि स्वतःच्या पायात एक टिकत नाही.

बरोबर आई होती. लोकांचे जिने पुसते. पदरानं तोंड धरून उभी.

मी पुढं झाले. "घाई?"

ती हसली. दातांतली खाच दिसली. "आता नाही मी घाई. आता मला उशीर म्हणतात."

१० एप्रिल, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. सोल्युशनची वाफ. बंद खोलीत दिवसच्या दिवस नाकात गेली की पायांच्या नसा मरतात. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग पाऊल उचलत नाही. "आत्ता थांबली तर बरी होईल," ते म्हणाले. "वर्ष लागेल, दीड लागेल. पण थांबली तर. आणखी सहा महिने तिथं बसली असती तर मी असं बोललो नसतो."

फेब्रुवारीत मी एक आकडा लिहिला असता – अकरा! – तर ती तेव्हाच थांबली असती. दोन महिने. दोन महिन्यांत किती नसा मरतात, हे विचारायचं धाडस झालं नाही.

घरी येऊन जेवले नाही. हे म्हणाले, "डोकं दुखतंय का?" मी हो म्हटलं.

१२ एप्रिल, शनिवार

मावशींनी आज तोंड उघडलं. शेवटचा रोगी गेला, त्या भांडी उकळायला ठेवत होत्या.

"बाई, तीस वर्षं बघतेय. आख्ख्या गावाला तुम्ही सांगता, आ करा, मोठा आ करा, घाबरू नका, थोडंच दुखेल. स्वतः एकदा करून बघा की."

त्यांनी उकळत्या पाण्यावर झाकण ठेवलं आणि निघून गेल्या.

मी तिथंच बसले. माझ्या स्टुलावर नाही, त्या खुर्चीत. कधी बसले नव्हते. वरच्या दिव्याकडे तोंड करून बसलं की फार उघडं वाटतं.

१५ एप्रिल, मंगळवार

दिलं. हातानं लिहून दिलं. चार पानं.

'अमुक तारखेस मी एकोणीस मुलींच्या वयाच्या दाखल्यांवर एकाही मुलीस न तपासता सही केली. अमुक तारखेस, मुलीचे वय अकराच्या आसपास असल्याची खात्री असूनही मी अहवाल मुद्दाम मोघम दिला. धाडीची तारीख माझ्याकडून घरी बोलली गेली व तेथून बाहेर गेली.'

तिसरं वाक्य लिहिताना हे दारात उभे होते. सकाळपासून समजावत होते. आधी प्रेमानं, मग रागानं, मग लेकीला फोन लावून माझ्या कानाशी धरला. लेक म्हणाली, "आई, तुला हवं ते कर." ह्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "माझं नाव घालतेस?"

"घरी म्हटलंय. नाव नाही घातलं."

"घरी म्हणजे कोण, कुलूप का?"

निरीक्षकबाईंच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी उभ्या उभ्याच वाचला. मला वाटलं होतं त्या काहीतरी चांगलं बोलतील. लाज वाटते लिहायला, पण वाटलं होतं. त्यांनी वाचून संपवलं, घडी घातली, म्हणाल्या, "हे फेब्रुवारीत हवं होतं मॅडम."

बरोबरच आहे. बैल गेला अन् झोपा केला.

२ मे, शुक्रवार

निलंबन. चौकशी पुरी होईपर्यंत दवाखान्याच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. मावशींनी माझा चष्मा, डबा, पायमोजे पिशवीत घालून फाटकापर्यंत आणून दिले. पिशवी देताना हात सोडेचनात. बोलल्या मात्र, "जा आता. ऊन लागेल."

२१ मे, बुधवार

दुसरी धाड. या वेळी निरीक्षकबाईंनी पोलिसांनाही गाडीत बसल्यावरच पत्ता सांगितला. बावीस मुलं. सोल्युशनच्या खोलीला बाहेरून कडी. खिडकी होती, ती खोक्यांनी बंद केलेली. बावीसपैकी पाचजण जिना उतरताना कठडा सोडेनात. कारखान्याला सील. मालकांना नेलं.

मला हे वर्तमानपत्रातून कळलं. मी घरात बसून असते.

हे शेजारच्या खोलीत वाचत होते. पेपर घडी करून माझ्यासमोर ठेवला आणि बातमीवर बोट ठेवलं. म्हणाले, "कडी बाहेरून होती हे मला माहीत नव्हतं गं."

मी म्हटलं, "मलाही नव्हतं." माहीत नव्हतं हे खरं. विचारलं नव्हतं हे त्याहून खरं.

५ जून, गुरुवार

घाई पुनर्वसन केंद्रात आहे. मला तिथं जायला बंदी नाही, फक्त दवाखान्यात आहे. गेले.

व्यायाम करून घेणारी बाई तिच्याकडून जमिनीवरची गोळी पायाच्या बोटांनी उचलून घेत होती. दहा वेळा निसटली. अकराव्या वेळी बोटं जरा वळली. घाईनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही डोंगर उचलला.

"बाई, तुमची नोकरी गेली?"

"अजून नाही. जाईल बहुतेक."

"मग तुम्ही काय करणार?"

"बघू."

विचार करून म्हणाली, "तुम्हाला काही येतं का दुसरं?"

मोठ्यांदा हसले! कितीतरी दिवसांनी. मग तिची आई आली, तसं हसू विरलं. मी नमस्कार केला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीच्या पायाला तेल लावू लागली, खाली मान घालून. मला म्हणायचं होतं की चुकलं माझं. तिच्या मानेकडे बघून म्हणवेना. ते शब्द म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं – 'असू द्या' म्हणायचं. ते तरी कशाला लादायचं?

१२ जून, गुरुवार

जिल्हा बालकामगारमुक्त झाला. मांडव, भाषणं, फुगे. मला बोलावणं नव्हतं, पण मी मागं उभी राहून आले.

फुगे एका मुलानं फुगवले होते. बारा वर्षांचा असेल. मांडववाल्याच्या गाडीतून उतरून पंप मारत होता, मांडवाच्या अगदी मागं. मी निरीक्षकबाईंना गाठून दाखवला. त्यांनी डोळे मिटले क्षणभर. मग व्यासपीठावरचं बोलावणं सोडून त्याच्याकडे चालत गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्याला नाव विचारलं.

तिकडे ध्वनिवर्धकावर त्यांचं नाव पुकारत होते, सत्कारासाठी. दोनदा, तीनदा. त्या गेल्याच नाहीत.

परत येताना म्हणाल्या, "मॅडम, मुक्त वगैरे काही नसतं. एक मूल असतं, मग दुसरं असतं." पहिल्यांदाच माझ्याशी काम सोडून काही बोलल्या.

२७ जून, शुक्रवार

चौकशी झाली. तिघे अधिकारी, मध्ये टेबल. "तुमच्यावर दबाव होता का?" – नाही. "लाच?" – नाही. "मग का?" तिघेही खरंच उत्सुक दिसत होते. मोठं कारण असेल असं वाटत असावं त्यांना. मी म्हटलं, "मान दुखत होती. आणि उशीर झाला होता."

लिहून घेणाऱ्यानं वर पाहिलं. हे लिहायचं का, असं.

"लिहा," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर हे रिक्षा थांबवून उभे होते. मला वाटलं नव्हतं येतील. बसताना म्हणाले, "मीही उद्या जबाब देऊन येतो. क्लबात काय बोललो ते." हात धरला नाही की काही नाही. रस्ताभर बाहेर बघत होते.

उरलेल्या अठरा दाखल्यांचा निरीक्षकबाई शोध घेतायत. पत्ते अर्धे चुकीचे, अर्धे बदललेले. मी म्हटलं, मला वाटून द्या काही. रिकामीच आहे. सात घरं दिलीत. काल तीन झाली. दोघी कुठल्या कुठं गेल्यात, कुणाला माहीत नाही. तिसरीचा बाप म्हणाला, "तुम्हीच का त्या?" आणि दार लावून घेतलं.

घाईचं घर माझ्या यादीत नाही. ती तर सापडलीच आहे, तिच्या नावावर खूण करून झालंय.

१४ जुलै, सोमवार

घाईला शाळेत घातलं. काठी घेऊन चालते आता, चप्पल टिकते. तिची आई कामावर होती म्हणून मी आणि निरीक्षकबाई घेऊन गेलो.

मुख्याध्यापिकांनी फॉर्म पुढं ओढला, नाव विचारलं. तिनं सांगितलं ते दाखल्यावरचं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, घाबरू नकोस, खरं नाव सांग. कागदावर आहे ते."

"ते ताईचं."

मुख्याध्यापिकांचं पेन थांबलं. तिला वाटलं आम्हाला समजलं नाही.

"कागद ताईचा आहे. अंगठा पण तिचा. तुम्ही सही केली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, रांगेत उभी होती. आई म्हणाली सांगू नकोस, नाहीतर आईला धरून नेतील." मग आमच्या चेहऱ्यांकडे बघत, समजूत काढल्यासारखं, "ताईला पाय आहेत. पण आता उभी नाही राहत. दिवसभर आत निजून असते. म्हणून मग तो कागद मला दिला."